शिबिराआधी उपचाराची सोय: गोव्यातल्या वाड्या-वस्त्यांवर गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखण्यासाठी भागीदारी कशी उभारावी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं कारण माहीत आहे, लस आहे, तपासणी काही मिनिटांत होते आणि वेळीच सापडलेला दोष बाईला भूल न देताही दूर करता येतो. तरीही भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा आजार होतो आणि जवळपास ८० हजार जणी दगावतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) संसर्ग शरीरात टिकून राहिल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एवढा अवधी मिळूनही बाई आपल्यापर्यंत पोचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के जणींनी ही तपासणी कधीतरी करून घेतलेली आढळली.

हे काम एकट्या आरोग्य खात्याच्या आवाक्यातलं नाही आणि एकट्या संस्थेच्या तर नाहीच. तपासणी करता येणारी सिस्टर आरोग्य केंद्रात असते, बायकांना घराबाहेर काढू शकणारी वाड्यावरची बाई महिला मंडळात असते, गाडी पंचायतीकडे किंवा एखाद्या कारखान्याकडे असते, डॉक्टर बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) असतात. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा या तालुक्यांत, किंवा झुवारीनगर, मोती डोंगर, चिंबल अशा दाट वस्त्यांत काम करू पाहणारी महिला मंडळं, स्वयंसाहाय्य गट, पंचायती आणि संस्था यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात शेवटाकडून करा

बहुतेक ठिकाणी पहिली बैठक होते ती शिबिराची तारीख ठरवायला. मंडप, पाहुणे, बॅनर, अल्पोपाहार, सगळं ठरतं. तपासणीत दोष आढळलेल्या बाईचं पुढे काय, हे मात्र "मग बघू"वर राहतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: उपचाराची सोय पक्की नसेल तर तपासणी करू नका. "तुमच्यात काहीतरी आहे" असं सांगून बाईला घरी पाठवणं आणि पुढे काहीच न करणं यात तिचं नुकसान आहे, आणि तिच्या वाड्यावरची दुसरी बाई मग कधीच येत नाही.

म्हणून पहिली भेट आपल्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची घ्या आणि त्यांना बरोबर घेऊनच पुढच्या इस्पितळाच्या स्त्रीरोग विभागात जा. उत्तरेकडच्यांना म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, दक्षिणेकडच्यांना मडगावचं, फोंड्याच्या परिसराला तिथलं उपजिल्हा इस्पितळ आणि सगळ्यांना शेवटी गोमेकॉ. तिथे पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या. दोष आढळलेली बाई कोणत्या वारी, किती वाजता आणायची? केसपेपर कुठल्या खिडकीवर निघेल? कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून बारकाईने केलेली पाहणी, त्याच दिवशी होईल का? तुकडा तपासायला पाठवला तर अहवाल कोण आणणार? आयत्या वेळी फोन कोणाला करायचा?

आणखी एक गोष्ट विचारा: थर्मल अब्लेशनची सोय आहे का? १०० अंश किंवा त्याहून जास्त तापलेलं टोक दोषाच्या जागी २० ते ३० सेकंद टेकवून तेवढा भाग जाळायचा, असा हा उपचार. यंत्र हातात धरण्याएवढं असतं आणि बॅटरीवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस २०१९ मध्ये केली. प्रशिक्षित डॉक्टर असेल तर हा उपचार तालुक्याच्या ठिकाणीही होतो. काणकोणहून बांबोळी साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, म्हणजे बाईचा दिवसाचा रोजगार बुडतो आणि बहुधा बरोबर येणाऱ्याचाही. उपचार जितका जवळ, तितक्या कमी बायका मधल्यामध्ये गळतात. एखादा देणगीदार "काय देऊ?" असं विचारत असेल, तर मंडपाऐवजी हे यंत्र आणि डॉक्टरांचं प्रशिक्षण मागा.

कोणती तपासणी, आणि का

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करायची आहे. गर्भाशयाच्या तोंडाला ३ ते ५ टक्के तीव्रतेचं ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि दोषाची जागा पांढरी पडते का ते डोळ्यांनी पाहायचं. खर्च थोडा, निकाल तिथल्या तिथे. पण तपासणारीची नजर तयार हवी. शिवाय पाळी गेल्यानंतर तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीपुढच्या बायकांत या पद्धतीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

दुसरी चाचणी एचपीव्ही डीएनएची. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून प्राथमिक तपासणीसाठी हीच सुचवते: तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांना या कर्करोगाचा धोका सहापट असतो, म्हणून त्यांची तपासणी पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी. या चाचणीत बाई स्वतःच मऊ ब्रशने नमुना घेऊ शकते. परक्यासमोर टेबलावर झोपायला लाजणाऱ्या बाईसाठी हा फार मोठा फरक आहे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी देशभर वापरलं जाणारं ट्रूनॅट यंत्र आपल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं आहे आणि त्यावर चालणारी एचपीव्ही चाचणीही निघालेली आहे. आपल्या तालुक्यात ते यंत्र कुठे आहे आणि क्षयरोगाच्या कामातून त्याला किती मोकळा वेळ मिळतो, याची चौकशी आरोग्य खात्याकडे जरूर करा.

दोन्ही पद्धतींचा अनुभव महाराष्ट्रात मिळालेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने सव्वा लाखाहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत दिसलं. एकदाच केलेल्या व्हीआयएने मात्र तेवढा फरक पडला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दहावी शिकलेल्या महिलांना तयार केलं आणि दर दोन वर्षांनी व्हीआयएच्या फेऱ्या केल्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हीआयए निवडाल तर ती पुन्हा पुन्हा करावी लागेल आणि तपासणारीवर जाणत्या डॉक्टरची देखरेख लागेल, हा यातला धडा. एकदाच शिबिर घेऊन फोटो काढून मोकळं होणाऱ्यांनी हा आकडा नीट पाहावा.

हिशेब मांडा

समजा, पंचायतीची लोकसंख्या ५,००० आहे. त्यात ३० ते ६५ वयाच्या साधारण १,२०० बायका धरा. एक सिस्टर नीट बोलून, न घाईने दिवसाला पंचवीस जणींना तपासते. महिन्यातून दोन दिवस ठेवले तर सगळ्यांपर्यंत पोचायला दोन वर्षं लागतील. उस्मानाबादच्या त्या अभ्यासात शंभरातल्या चौदा जणींत व्हीआयएमध्ये आणि दहा जणींत एचपीव्ही चाचणीत काहीतरी आढळलं होतं. म्हणजे दोन वर्षांत सव्वाशे ते पावणेदोनशे बायकांना पुढे न्यावं लागेल, महिन्याला पाच ते सात. त्यांतल्या बहुतेकींना गंभीर काही नसतं, पण खात्री प्रत्येकीची करावी लागते. हा आकडा घेऊन इस्पितळात गेलात तर बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

कोणाला बरोबर घ्यायचं

देशात इतरत्र असं काम आशा कार्यकर्त्यांच्या खांद्यावर असतं. गोव्यात ती फळी उभी राहिलेली नाही. म्हणून इथे अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्राची परिचारिका याच मुख्य आधार. सेविकेला घरन् घर माहीत असतं, पण तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. तिला फुकटात राबवू नका. बोलावणं तिने करावं. यादी, फोन, पाठपुरावा यासाठी स्वयंसाहाय्य गटातली एक बाई मानधनावर नेमा. दोन वर्षांच्या अंदाजपत्रकातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ हीच. तीच पहिल्यांदा कापली जाते, म्हणून तीच शेवटपर्यंत सोडू नका.

पंचायतीकडून तीन गोष्टी मागा: सभागृह, पाणी-वीज आणि ग्रामसभेत दहा मिनिटं. आपल्याकडे ग्रामसभा रविवारी होतात, पण बायका तिथे कमी बोलतात. तेव्हा ग्रामसभेत बोला ते पुरुषांसाठी. नवऱ्याला आणि सासूला माहीत असेल तर बाईला दारातून बाहेर पडणं सोपं जातं. बायकांशी बोलायची जागा वेगळी: फुगडी पथकाचा सराव, भजनी मंडळ, चर्चमधली मिसा सुटल्यावरचं आवार. पौषात धालो या बायकांच्या नाच-गाण्यांच्या उत्सवासाठी मांडावर साऱ्या वाड्याच्या बायका जमतात. विधीच्या मध्ये आरोग्याचं भाषण घुसडू नये, पण मांडावरच्या जाणत्या बाईला आधी विश्वासात घेतलं तर पुढच्या आठवड्यात तीच दहा जणींना घेऊन येते.

काजू कारखाने, औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या, हॉटेलं यांच्याकडे पैशांआधी भरपगारी अर्धा दिवस मागा. रोजंदारीवरच्या बाईला तपासणी मोफत असून भागत नाही.

तारखाही इथल्या ऋतुमानाने धरा. चतुर्थीचा पंधरवडा, शिमगा, गावची जत्रा टाळा. काजूच्या मोसमात डोंगराकडच्या बायका सकाळी सापडणार नाहीत, लावणीच्या दिवसांत तर मुळीच नाहीत. उलट १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावरच्या मासळी विकणाऱ्या बायकांना थोडी उसंत असते.

कागद थोडा, पण स्पष्ट

करार चार पानांपेक्षा मोठा नको. कोण काय करील, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर विचारणार कोण, हे त्यात नावानिशी असावं. "सहकार्य करतील" असं मोघम वाक्य दिसलं की खोडा आणि त्या जागी काम लिहा: "दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी सकाळी साडेआठला पंचायतीची गाडी केंद्राजवळ येईल." नोंदवही आरोग्य केंद्राची, कारण संस्था येतात आणि जातात. संस्थेकडे फक्त पाठपुराव्याला लागतील तेवढीच नावं आणि फोन नंबर, तेही कुलपात. देणगीदाराला एकूण आकडे द्या, नावं आणि चेहरे कधीही देऊ नका. तपासणीला आलेल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, हे करारातच लिहा म्हणजे नंतर वाद होत नाही.

संमतीपत्राबाबत ढिलाई नको. २००९-१० मध्ये आंध्रातला खम्मम आणि गुजरातमधला वडोदरा इथे एचपीव्ही लशीचा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर तो थांबवण्यात आला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण अनेक ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्याचं उघड झालं आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लशीवरचा विश्वास देशभर कित्येक वर्षं मागे गेला. गोव्यात संमतीपत्र मराठी आणि कोकणीतून हवंच. बांधकामावरच्या आणि वस्त्यांतल्या बायकांसाठी कन्नड आणि हिंदीतूनही. वाचता न येणाऱ्या बाईला ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि प्रश्न विचारायला वेळ द्यायचा.

तपासणीचा दिवस

खोलीला आतून कडी हवी आणि खिडकीला जाड पडदा. टेबलाचं पायथ्याकडचं टोक दाराकडे नको, भिंतीकडे हवं. चुकून कोणी दार ढकललंच तर बाई उघडी पडू नये. दिवा प्रखर, पांढऱ्या प्रकाशाचा. मोबाइलच्या टॉर्चवर भागवू नका. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरायचं साधन) दिवसभराच्या बायकांपुरते आणि दोन-चार जास्त. एकेकीनंतर वापरलेलं क्लोरीनच्या द्रावणात दहा मिनिटं, मग धुऊन निर्जंतुक. ॲसेटिक ॲसिडचं द्रावण रोज ताजं बनवायचं: ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ९५ मिलिलिटर शुद्ध पाण्यात. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नव्हे. बाटलीवर तारीख लिहायची. कपडे बदलायला आडोसा, गुंडाळायला स्वच्छ चादर, बाहेर पोराला सांभाळायला कोणीतरी. पाळी चालू असलेल्या आणि गरोदर बायकांना पुढची तारीख द्यायची.

खोलीबाहेर बाकावर काय बोललं जातं यावर निम्मं यश ठरतं. बायकांच्या मनातली भीती एकच असते आणि ती कधी ना कधी तोंडावर येते: "पिशवी काढायला लावतील काय गे?" सिस्टरने त्यावर आधीच बोलावं. "मावशी, पिशवीला हात लावत नाही. तोंडाशी औषध लावून मिनिटभर बघणार, थोडं चुरचुरेल, झालं. काही दिसलं तर पुढे कुठे जायचं ते मीच सांगणार, आणि ही सुनीता तुमच्याबरोबर येणार." बरोबर येणारीचं नाव आधीच ऐकलं की बाईचा चेहरा सैल होतो.

दुसरी शंका दबक्या आवाजात येते: हा आजार वाईट वागणाऱ्या बायकांना होतो ना? ठाम सांगा की एचपीव्ही इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन जातो आणि बहुतेकांत दोनेक वर्षांत आपोआप जातोही. निकाल पॉझिटिव्ह आला म्हणून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवता येत नाही. हे नवऱ्यांसमोरही सांगा, नाहीतर घरी भांडण बाईच्याच वाट्याला येतं.

पाळी गेल्यावर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, दुर्गंधी येणारं पाणी अंगावरून जाणं, यातलं काहीही असलेल्या बाईला शिबिराच्या रांगेत ठेवू नका. तिला थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, त्याच आठवड्यात.

दोष आढळला, आता

मेहनत सगळ्यांत जास्त इथेच लागते. निकाल बाईला एकटीला, दार लावून सांगा. लगोलग तारीख द्या. "कळवतो" म्हणू नका. चिठ्ठीवर इस्पितळ, वार, खिडकी, डॉक्टरांचा विभाग आणि बरोबर येणारीचा फोन असावा. आदल्या संध्याकाळी फोन. सकाळी गाडी, नाहीतर कदंब बसचं भाडं हातात. सकाळी नऊला निघालेली बाई तीनपर्यंत उपाशी राहते, म्हणून चहा-नाश्त्याचे पैसेही धरा. उपचारानंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि तेवढे दिवस संबंध टाळायचे असतात. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि वाड्यावर वेगळीच बातमी पसरते. वर्षभराने पुन्हा तपासणी; ती तारीख नोंदवहीत आजच लिहा.

कर्करोगच निघाला तर खर्चाचा विषय पहिल्याच दिवशी बोला. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे राज्य सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड चालू आहे का, नूतनीकरण राहिलंय का, हे तपासणीच्या दिवशीच विचारून ठेवावं. या योजनेला गोव्यातलं पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे परप्रांतातून आलेल्या मजूर बायका तिच्याबाहेर राहतात. त्यांच्याकडे त्यांच्या मूळ राज्याचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या संलग्न इस्पितळातही चालतं. अशी बाई काम संपलं की मुक्काम हलवते, म्हणून निकालाची प्रत तिच्याच हाती द्या आणि दोन फोन नंबर घ्या, एक तिचा, एक गावाकडचा.

मुलींची लस

लस शाळेतून द्यायची तर मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ हे भागीदार. सिक्कीमने २०१८ मध्ये ९ ते १३ वयाच्या मुलींना शाळांमधून लस दिली आणि शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलींपर्यंत पोचून दाखवलं. शिक्षण आणि आरोग्य खातं पहिल्या दिवसापासून एकत्र होतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस २०२३ पासून बाजारात आहे, आणि ९ ते २० वयात एक डोसही चालतो असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्य केलं. सरकारी केंद्रात कोणत्या वयाला, कोणती लस, किती डोस मिळतात हे आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि पालकांना तेवढंच सांगा. संस्थेने लस विकत घेऊन साठवायच्या भानगडीत पडू नये. २ ते ८ अंशांची शीतसाखळी हे खात्याचं काम. तुमचं काम पालकसभा, संमतीपत्रं, लस घेतल्यावर मुलींना पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवणं आणि शाळा सुटलेल्या मुलींना शोधणं. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच, हे त्याच सभेत सांगून टाका.

पैसा

गोव्यात स्तनाच्या कर्करोगासाठी २०२१ मध्ये 'स्वस्थ महिला स्वस्थ गोवा' हा उपक्रम आरोग्य खातं, यूवीकॅन फाउंडेशन आणि एसबीआय फाउंडेशन यांनी मिळून सुरू केला. म्हणजे सरकार आणि देणगीदार यांनी मिळून तपासणी करण्याची वाट इथे नवी नाही. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी तीच वाट धरता येते. खाणपट्ट्यातल्या पंचायतींनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे प्रस्ताव द्यावा. त्या निधीत आरोग्याला अग्रक्रम आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मागताना एका दिवसाच्या कार्यक्रमाचा प्रस्ताव देऊ नका. दोन वर्षांचा द्या आणि त्यात प्रवासभाडं, पाठपुरावा करणारीचं मानधन, सिस्टरचं उजळणी प्रशिक्षण या ओळी वेगळ्या दाखवा.

महिन्याची बैठक

अर्धा तास, आरोग्य केंद्रातच. किती जणींची तपासणी झाली हा आकडा शेवटी घ्या. आधी ज्यांच्यात दोष आढळला आणि ज्या अजून इस्पितळात पोचलेल्या नाहीत त्यांची यादी. प्रत्येक नावापुढे कारण: गाडी आली नाही, नवरा नको म्हणाला, डॉक्टर रजेवर होते, फोन लागत नाही. प्रत्येक कारणापुढे एका भागीदाराचं नाव आणि तारीख. ही यादी दोन महिने लांबतच चालली तर नवीन तपासणी थांबवा आणि सगळ्यांनी मिळून आधी त्या बायकांना उपचारापर्यंत न्या. यादी रिकामी झाली की मगच पुढच्या वाड्याची तारीख काढा.